दोघांपुरतं यंत्र

सत्यशीलानं आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, बटण दाबलं, आणि पडद्यावर तीच इंग्रजी ओळ तिसऱ्यांदा उमटली. वापरणाऱ्यांची संख्या पूर्ण झाली आहे. शेजारच्या खुर्चीवर मालनबाई बसल्या होत्या. त्यांच्याही पडद्यावर तेच. पलीकडच्या तिघींचं तेच. सहा टर्मिनलं, सहा बाया, आणि चालत होतं ते फक्त कोपऱ्यातलं एक.

"आपलं काय चुकायलंय का गं?" मालनबाईंनी विचारलं.

"चुकायला काय हाय त्यात? नाव बरोबर, पासवर्ड बरोबर. आतच घेईना झालंय."

एक्याण्णव सालच्या भादव्यातली ही गोष्ट. देवगाव फाट्याहून आत गेलं की दुधनेच्या अंगाला जांभूळधरा नावाचं गाव लागतं. तिथल्या सहकारी साखर कारखान्यात चारच दिवसांपूर्वी कॉम्प्युटरची पूजा झाली होती. चेअरमन दिनकररावांनी नारळ फोडला होता. मशीन विकणाऱ्या कंपनीचे औरंगाबादचे मॅनेजर सबनीस यांनी एक कळ दाबली आणि शेतकी खात्याच्या हॉलमधले सगळे पडदे एकदम हिरव्या अक्षरांनी उजळले. नाव विचारणारी ओळ प्रत्येक पडद्यावर आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. त्या दिवशी नाव टाकून आत शिरून दाखवलं ते मात्र एकाच पडद्यावर. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. सत्यशीलाच्याही नाही, आणि त्याचा तिला पुढं कित्येक दिवस राग येत राहिला.

सत्यशीला मुंजाजी कदमांची थोरली. बापाची कोरडवाहू जमीन आणि विहिरीखाली तुकडाभर ऊस. परभणीत मावशीकडं राहून तिनं कॉम्प्युटरचा वर्षाचा कोर्स केला होता. कारखान्यानं परीक्षा घेतली तेव्हा चाळीस जणांतून सहा जणी निवडल्या. मालनबाई त्यातल्या सगळ्यात मोठ्या, तिशीच्या. नवऱ्यानं टाकलेल्या, भावाकडं राहणाऱ्या, दहावी पास. ऊसतोडीला आठ हंगाम जाऊन आलेल्या बाईनं कॉम्प्युटरचा कोर्स करावा याचं गावाला हसू आलं होतं. परीक्षेत त्यांचा दुसरा नंबर आला तेव्हा ते हसू थांबलं.

काम साधं होतं आणि मोठं होतं. कोणत्या शेतकऱ्याचा ऊस कधी लावलाय, त्यावरून तो कधी तोडायचा, ही यादी दर वर्षी शेतकी अधिकारी किशनरावांच्या वहीत तयार व्हायची. वहीत खाडाखोड व्हायची. वजनदार माणसाचा फेब्रुवारीत तोडायचा ऊस नोव्हेंबरात तुटायचा, आणि गरिबाचा नोव्हेंबरातला ऊस तुरा येऊन, आतून पोकळ पडून मार्चपर्यंत उभा राहायचा. आता सगळ्या नोंदी कॉम्प्युटरात जाणार होत्या. सहा गटांच्या सहा खिडक्या. आपल्या गटाच्या खिडकीवर यायचं, नोंद सांगायची, क्रमांकाचा छापील कागद घेऊन जायचं. एकदा छापलं की कुणाला मागं ढकलता येणार नव्हतं.

सत्यशीलानं औरंगाबादला ट्रंक कॉल लावला. दोन तासांनी लागला.

"बिघाड नाही हो तो," सबनीस हसत म्हणाले. "तुमची ऑपरेटिंग सिस्टीम दोन जणांच्या आवृत्तीची आहे. एका वेळी दोनच माणसं आत येणार. लायसन्सच तेवढं आहे."

"मग टर्मिनलं सहा कशाला दिली?"

"टर्मिनलं कितीही लावा, त्याला कुठे बंदी आहे? जास्त माणसं हवी असतील तर सोळांची आवृत्ती घ्यावी लागेल. तिची किंमत वेगळी."

फोन ठेवल्यावर सत्यशीलाला पहिल्यांदा सुचलं ते हे, की दोन म्हणतोय तर हॉलमध्ये एकच कसं चालतंय? दुसरा माणूस कोण? उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. मुख्य मशीन किशनरावांच्या केबिनमध्ये होतं. सकाळी शिपाई ते सुरू करायचा, किशनरावांच्या नावानं आत शिरायचा, आणि पडदा दिवसभर तसाच उजळलेला राहायचा. किशनराव त्याला हातही लावत नसत. आल्यागेल्याला ते दिसावं एवढंच त्यांना हवं होतं.

ती केबिनमध्ये गेली. "साहेब, तुमचं नाव बंद केलं तर आमच्यातली आणखी एक कामाला लागंल."

किशनरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "मंजे अधिकाऱ्याचा कॉम्प्युटर बंद, आणि ऑपरेटरचा चालू? चेअरमनसाहेब पाहुणे घेऊन आले तर काय दाखवू, काळा डबा?"

"पण साहेब, तुमी त्यावर काम कुटं करता?"

"बाई, आपल्या पायरीनं बोला."

ती परत आली. मग सहा जणींनी एका खुर्चीवर तासातासाच्या पाळ्या लावल्या. एक टाईप करायची, पाच जणी खिडक्यांतून कागद घेऊन तिच्याभोवती उभ्या राहायच्या. खिडक्यांबाहेर रांगा वाढल्या. मानवतकडचे, सेलूकडचे, आसपासच्या पन्नास गावांचे शेतकरी सकाळच्या एसटीनं येत आणि संध्याकाळी तसेच परत जात. पाचव्या दिवशी लिंबाजी काळे नावाचे म्हातारबा खिडकीचा गज धरून उभे राहिले.

"पोरी, मी तिसऱ्यांदा आलोय," ते म्हणाले. "मला येक सांग. कंप्युटर सहा दिसायलेत, तुमी बी सहा दिसायल्यात. मग काम येकीलाच कामून?"

लायसन्स, आवृत्ती, यातलं काही त्या माणसाला पटेल असं सत्यशीलाला वाटलं नाही, कारण ते तिला स्वतःलाच पटत नव्हतं. "मशीन दोघांनाच आत घेतंय, बाबा," ती एवढंच म्हणाली.

"थकतंय का?"

"न्हाई. थकत न्हाई. घेऊ नको म्हणून सांगितलंय त्याला."

लिंबाजीबांनी गज सोडला नाही. "कुणी सांगितलं?"

तो प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना.

पंधराव्या दिवशी किशनरावांनी दोन कामं केली. एक, वही पुन्हा बाहेर काढली. म्हणाले, कॉम्प्युटरनं उशीर होतोय, हंगाम तोंडावर आलाय, इलाज नाही. आणि दुसरं, चार जणींच्या हातात कागद दिला. "यंत्राच्या मर्यादेमुळे आपली तात्पुरती नेमणूक समाप्त करण्यात येत आहे." सत्यशीला आणि आणखी एक, एवढ्याच राहिल्या. मालनबाईंनी कागद दोनदा वाचला, घडी घालून पदराला बांधला.

"मर्यादा यंत्राची, आणि घरी मी जायचं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आठ हंगाम कोयता धरला. वाटलं सुटले. आता पुन्हा भावाच्या जोडीला जाते. टोळी दसऱ्याला निघायलीय, सांगलीकडं."

"थोडं थांबा ना मालनबाई. मी बघायलेय."

"टोळी थांबत न्हाई, सत्यशीला. अन् एका कोयत्याला दोन माणसं लागतात. मी न्हाई गेले तर भाऊ दुसरी बाई बघंल. मग मी खायचं कुटं?"

त्या गेल्या. दसऱ्याआधी दोन दिवस टोळीचा ट्रक फाट्यावरून गेला. त्यात भांडी होती, पाचटाच्या पेंढ्या होत्या, लेकरं होती, आणि परीक्षेत दुसरी आलेली बाई होती.

त्याच दिवशी सत्यशीलानं मशीनचं कपाट उघडलं. मशीनच्या जिम्मेदारीच्या रजिस्टरवर तिची सही होती, किल्ली तिच्याकडं होती. आत फ्लॉप्यांचा डबा, जाडजूड पुस्तकं, आणि फाडलेलं एक पाकीट. पाकिटावर बारीक इंग्रजी मजकूर. शब्दकोश मांडीवर घेऊन ती बसली. एका ओळीपाशी थांबली. परत वाचली. लिहिलं होतं की हे पाकीट फाडलं म्हणजे आतल्या सगळ्या अटी तुम्हाला मान्य आहेत असं समजलं जाईल. अटी आतल्या कागदावर होत्या. म्हणजे वाचायचं तर फाडावं लागणार, आणि फाडलं की मान्य.

गावातला सावकारसुद्धा अंगठा घेण्याआधी कागद वाचल्यासारखं तरी करायचा.

आणि ते एवढ्यावरच नव्हतं. पुस्तकात मशीन नव्यानं बसवायची रीत दिली होती. फ्लॉप्या एकामागून एक घालायच्या, मग एक लांबलचक नंबर टाकायचा. दोघांच्या आवृत्तीचा नंबर टाकला की दोघं. सोळांच्या आवृत्तीचा टाकला की सोळा. फ्लॉप्या त्याच. एक अक्षर वेगळं नाही. सोळा माणसांना बसवायची ताकद त्या मशीनमध्ये पहिल्या दिवसापासून होती. ती तिथंच, किशनरावांच्या केबिनमध्ये, कुलपात ठेवल्यासारखी पडली होती, आणि मालनबाई ट्रकमध्ये बसून गेल्या होत्या.

खरेदीची फाईल तिला जावक विभागातल्या पंडितनं काढून दिली. तीत कंपनीचं पहिलं पत्र होतं, मराठीत, सबनिसांच्या सहीचं: "सहा टर्मिनलवरून सहा चालक एकाच वेळी काम करू शकतील." त्यामागं शेवटची ऑर्डर होती, इंग्रजीत, तीन पानांची. तिसऱ्या पानाच्या तळाशी एका कंसात आवृत्तीचं नाव आणि पुढं आकडा, दोन. खाली किशनरावांची सही.

आता तिला कळलं. किशनरावांनी न वाचता सही केली होती. आणि ते बाहेर येऊ नये म्हणून चार बाया घरी गेल्या होत्या, आणि वही टेबलावर परत आली होती.

तिनं सबनिसांना कारखान्याच्या नावानं तार केली. विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून बंद चालू होता, गाड्या अडल्या होत्या, म्हणून ते चार दिवस उशिरा आले. पांढरा शर्ट, हातात ब्रीफकेस. किशनरावांनी चहा मागवला, दार लोटून घेतलं आणि सत्यशीलाला आत बोलावलं. सबनीस गोड बोलले.

"हे बघा बाई, भांडण कशाला? माझ्याकडे एक नंबर आहे. सोळांचा. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा आहे, पण कुणाला काय कळणार? तुम्ही मशीन नव्यानं बसवा, तो नंबर टाका. सहाच्या सहा चालू."

किशनरावांचा चेहरा उजळला. "झालं की! टाका, बाई, टाका. आजच टाका."

"लिहून द्या," सत्यशीला म्हणाली.

"काय?"

"हा नंबर या कारखान्याला कंपनीनं दिला, असं तुमच्या कागदावर लिहून द्या. सहीशिक्क्यानं."

सबनीस हसले. "तसं लिहून देता येत नाही. लायसन्सचा भंग होतो तो. म्हणून तर म्हणतो, गुपचूप..."

"मंजे भंग मी करायचा." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "रजिस्टरवर सही माझी हाय. उद्या तुमच्याच कंपनीचा माणूस तपासणीला आला तर चोर कोण? मी. आमी सहा जणांसाठी मागितलं, तुमी सहा जणांसाठी देतो म्हणून लिहिलं, आन् आता आमचीच वस्तू आमी चोरून वापरायची? कामून? आमी काय चोर हाव?"

"सत्यशीलाबाई!" किशनराव ओरडले.

"तुमी तर बोलूच नका, साहेब," ती म्हणाली. "तिसरं पान वाचलं असतं तर मालनबाई आज इथं असत्या."

किशनरावांनी बशी खाली आपटली, चहा टेबलावर सांडला. सत्यशीला दार उघडून बाहेर आली ती थेट वरच्या मजल्यावर. त्या दिवशी संचालकांची बैठक होती. शिपायानं अडवलं. ती दाराबाहेरूनच बोलली, "चेअरमनसाहेब, दहा मिनिटं खाली या. कॉम्प्युटर बघायला." एवढ्या लोकांत तिला नाही म्हणणं दिनकररावांना अवघड गेलं असावं. ते उठले. त्यांच्यामागं चार-पाच संचालक उठले.

खाली खिडक्यांबाहेर नेहमीसारखी गर्दी होती. लिंबाजीबा गजाला चिकटून होते. सत्यशीलानं सबनिसांना तिसऱ्या टर्मिनलसमोरची खुर्ची दिली.

"बसा. तुमी विकणारे. तुमी आत जाऊन दाखवा."

सबनिसांनी टाय नीट केला. "हे बघा, तांत्रिक बाजू अशी आहे की..."

"बाजू राहू द्या," दिनकरराव म्हणाले. "बाई म्हणतायत तसं करा."

सबनिसांनी नाव टाकलं, पासवर्ड टाकला. ओळ उमटली. त्यांनी पुन्हा टाकलं. पुन्हा उमटली. खिडकीतून कुणीतरी हसलं.

सत्यशीलानं फाईल उघडली आणि मराठी पत्र मोठ्यानं वाचलं. सहा चालक एकाच वेळी. सही कुणाची, तेही वाचलं. मग इंग्रजी ऑर्डरचं तिसरं पान वाचलं आणि त्याचं मराठी करून सांगितलं. सही कुणाची, ते वाचलं नाही. पान दिनकररावांच्या हातात दिलं. त्यांनी खाली पाहिलं, मग किशनरावांकडं पाहिलं. किशनराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

"ते पत्र आमच्या विक्री विभागाचं," सबनीस म्हणाले. "कायद्यानं लायसन्स काय म्हणतं तेच खरं."

"सही तुमची हाय का न्हाई?" खिडकीतून लिंबाजीबांनी विचारलं.

"आहे, पण..."

"मंग पण काय? मी बैल इकला आन् सांगितलं, दोन्ही बाजूला चालतो. तुमी घरी नेला. मंग म्हणलो, उजव्या बाजूला जुंपायचा तर येगळे पैसे. काय केलं असतं तुमी माझं?"

या वेळी संचालकसुद्धा हसले. दिनकरराव हसले नाहीत. ते राजकारणातले मुरलेले गृहस्थ होते. आपल्या हातून नारळ फोडून घेऊन आपली फजिती केली, हे त्यांना सगळ्यात जास्त झोंबलं.

"सबनीस," ते शांतपणे म्हणाले, "शेजारच्या दोन कारखान्यांचे चेअरमन परवा अग्निप्रदीपनाला, बॉयलर पेटवायच्या समारंभाला, येणार आहेत. तुमचंच मशीन घ्यायचं म्हणतात. त्यांना मी याच खुर्चीवर बसवणार आहे. तुम्ही सांगा, त्यांना काय दिसायला पाहिजे."

सबनिसांनी औरंगाबादला फोन लावला. मग मुंबईला. दार बंद करून तासभर बोलले.

नवं पाकीट अग्निप्रदीपनाच्या सकाळी आलं. सोळांची आवृत्ती, कारखान्याच्या नावाचा कागद, जादा काही न घेता. सबनीस स्वतः घेऊन आले आणि फाडायला लागले. सत्यशीलानं त्यांचा हात धरला नाही, पण आवाज असा लावला की ते थांबले.

"आधी अटी. आतल्या. दुसरी प्रत असंल की तुमच्याकडं."

होती. ब्रीफकेसमध्ये. त्यांनी ती वाचली, तिनं ओळीओळीला मराठी विचारलं. पाऊण तास गेला. एक अट तिला अजिबात पटली नाही. मशीन बंद पडून नुकसान झालं तर कंपनी जबाबदार नाही, अशी. ती तिनं रजिस्टरमध्ये लिहून काढली, पुढं "अमान्य" असं लिहिलं आणि सबनिसांची पोच घेतली. तिला ठाऊक होतं की त्यानं काही होणार नाही. तरी तिनं ते लिहिलं.

दुपारी पहिल्यांदा सहाही पडद्यांवर माणूस आत शिरू शकत होता. वही कपाटात गेली. आठ दिवसांत यादी छापून सूचना फलकावर लागली. लिंबाजी काळ्यांचा ऊस डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तोडीला लागला होता. दोन बड्या बागायतदारांचा जानेवारीत. ते किशनरावांशी येऊन भांडले, आणि किशनराव पहिल्यांदाच म्हणाले, "कॉम्प्युटरात तसंच हाय. मला बदलता येत न्हाई."

पण खुर्च्या सहा आणि बसायला माणसं चार. सोडलेल्या चौघींतल्या दोघी बोलावल्यावर आल्या. तिसरीचं लग्न उरकून टाकलं होतं, ती जिंतुराकडं सासरी गेली होती; तिच्या जागी परीक्षेत सातवी आलेली मुलगी घेतली. मालनबाईंना सत्यशीलानं कार्ड टाकलं, टोळीच्या मुकादमाच्या पत्त्यावर. उत्तर दुसऱ्या कुणाच्या अक्षरात आलं. हातांना उसाची पानं कापल्यानं लिहिता येत नाही, भावाची जोडी मोडून येता येत नाही, पट्टा पडून हंगाम संपल्यावर येईन.

किशनराव लगेच मालनबाईंच्या जागेसाठी आपल्या भाच्याचा अर्ज घेऊन आले. सत्यशीला दिनकररावांकडं गेली. काय बोलायचं ते तिनं पाठ केलं होतं, पण तिथं गेल्यावर एवढंच बोलली: "त्या बाईला काढलं ते यंत्राच्या मर्यादेमुळं, असं लिहून काढलं. मर्यादा खोटी होती. मंजे काढणं बी खोटं." दिनकररावांनी भाच्याचा अर्ज बाजूला ठेवला. जागा हंगामभर रिकामी राहिली. मालनबाईंच्या गटाचं काम सत्यशीलानं स्वतःच्या कामावर ओढलं.

चैत्र संपता संपता एका सकाळी मालनबाई खिडकीत उभ्या राहिल्या. काळ्या पडल्या होत्या. सत्यशीला धावत बाहेर गेली, हात धरून आत घेऊन आली आणि खुर्चीत बसवलं. नाव टाका म्हणाली. मालनबाईंनी टाकलं. बोटं आखडली होती, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा आत गेल्या. पडद्यावर गटाची यादी आली.

"बघा, झालं की," सत्यशीला म्हणाली. तिला वाटलं होतं बाई हसतील.

मालनबाई हसल्या नाहीत.

"तू लय केलंस," त्या म्हणाल्या. "ते मी विसरणार न्हाई. पण येक विचारते. तो कंपनीवाला आला आन् गेला, किशनरावसाहेब हाय तिथंच हायेत. नंबर बदलला आन् सगळ्यांचं झालं. माझा सहा महिन्यांचा हंगाम गेला कुटं? तो कोण देणार हाय मला?"

बाहेर पुढच्या सालच्या नोंदीसाठी माणसं यायला लागली होती. मालनबाईंनी पदर खोचला, बोटं एकदा मुठीत घट्ट मिटून सोडली, आणि खिडकीतल्या पहिल्या माणसाला म्हणाल्या, "सांगा. गाव कोणतं?"